मराठी टायपिंगवाल्यांसाठी कॉर्ने कीबोर्डचं किट
दिवसभर फॉर्म अन् सातबारे टाईप करून मनगट दुखत असेल तर हे किट घ्याच भाऊ, फक्त सोल्डरिंगची (डाग देऊन पार्ट जोडायची) तयारी ठेवा. कॉर्ने दोन तुकड्यांचा, एकूण ४२ बटनांचा, तुकडे खांद्याएवढे लांब ठेवता येतात म्हणून हात आत वळत नाहीत अन् बटनंबी बोटांच्या लांबीप्रमाणं खालीवर. लय आराम.

किटवाल्यानं डायोड (वीज एकाच बाजूनं जाऊ देणारे बारके पार्ट) मात्र अगदी मोजूनच देल्ले, एकबी जास्तीचा नाही, अन् इकडं खेड्यात एक हरवला की यवतमाळची बस धरा! प्रत्येक बटनाला एक डायोड लागते, त्याच्यावरची रेघ बोर्डावरच्या खुणेकडंच पाहिजे, उलटा बसला की ते बटन मेलंच समजा. बटनांखालचे स्विच मात्र सोल्डर न करता सॉकेटात खटकन बसतात, नाही आवडला तर ओढून काढा.

आता खरी गोष्ट मराठीची. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीमंदी 'ज'च्या बाजूला 'ड' असते, इथं त्या जागी बॅकस्पेस, म्हणून 'ड' दुसऱ्या लेयरवर (एक बटन दाबून धरलं की बाकीच्या बटनांवर येणारी दुसरी अक्षरं) टाकावा लागते. बटनांची अक्षरं बदलायचं व्हायल सॉफ्टवेअर असलं तर हे दोन क्लिकात होते, कोड लिहायची गरज नाही. मी 'ड' अंगठ्याखालच्या बटनासोबत ठेवला, 'वडिलांचे नाव' आता झरझर येते.

एक लक्षात ठेवा, दोन तुकड्यांमधली ऑडिओ जॅकसारखी वायर यूएसबी चालू असताना काढू नका, शॉर्ट होऊन कंट्रोलर (कीबोर्ड चालवणारी चिप) जाऊ शकते.