घाट नको असणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग

अकोला-मूर्तिजापूर पट्ट्यातून कारने मुंबई गाठायची आणि घाट टाळायचा, तर समृद्धीला तोड नाही. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाची कटकट मिटली. तिथं आता सुमारे ८ किमीचा बोगदा आहे. टोल खिशाला लागतो, हे खरं.

खरी गोची समृद्धीवर चढण्याआधीच होते. मोबाइलचा नकाशा वेळ बघतो, चढ नाही. अकोल्याहून तो पातूर-मेडशीच्या घाटात घालू शकतो. म्हणून मधले थांबे म्हणून मूर्तिजापूर आणि कारंजा स्वतः टाका. रस्ता बराच सपाट आहे. नकाशात ‘टोल टाळा’ हा पर्याय चालू राहिला, तर समृद्धी यादीतून गायब! खामगावहून बुलढाण्याकडे वळलात की बोथा घाट, मलकापूरहून राजूर घाट.

उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर टायर जाम तापतात. प्रवासाला निघण्याआधी, टायर थंड असताना, हवा दरवाज्याजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकीच भरा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. दुचाकीला इथं बंदी आहे.