मालवण दांडी: जुन्या आउटबोर्ड इंजिनाची दुरुस्ती, काम एक नंबर

आमच्या होडीच्या मागे लावायचं यामाहाचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन पडूनच होतं, सगळे म्हणायचे भंगारात घाला. दांडीच्या ह्या मेकॅनिक काकांनी आधी प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक केलं नि म्हणाले इंजिन ठणठणीत आहे, कार्बोरेटर जाम झालाय. जेटमध्ये (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकाची नळी) तार अजिबात घातली नाही, कारण तारेने भोक मोठं होऊन जातं, क्लीनर मारून हवेनेच साफ केलं. इम्पेलरची (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारा पंखा) रबरी पाती कडक होऊन वाकलेली, ती पण बदलली, मग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून स्टार्ट केलं आणि बाजूने पाण्याची धार जोरात सुटली, काय आनंद झाला! पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली ऑइल टाका म्हणाले. पार्ट यायला वेळ लागतो, तेवढं धरून चला. माणूस मात्र प्रामाणिक.