बारा पॅड, तीन धुणी आणि संपलेली मुदत

यंत्र चांगलं होतं आणि अजूनही आहे, हे आधीच सांगते. माझी तक्रार स्टीम मॉपबद्दल, म्हणजे वाफेने फरशी पुसायच्या यंत्राबद्दल नाही, त्याच्या तळाला लावायच्या कापडी पॅडबद्दल आहे. तीही अर्धीच. उरलेली अर्धी विक्रेत्याच्या गोड बोलण्याबद्दल, कारण मी कापडामुळे कमी आणि कॅलेंडरमुळे जास्त फसले.

यंत्राबरोबर दोन पॅड आली होती. धुऊन धुऊन त्यांची लव उडाली आणि एकाचं वेल्क्रो पकड सोडून बसलं. कंपनीची नवी पॅड शोधली तर ‘सध्या उपलब्ध नाही’. त्याच्याच खाली दुसऱ्या एका विक्रेत्याचा संच दिसला. कंपनी दोन पॅडचे जेवढे पैसे घेते, तेवढ्यात बारा! शीर्षकात यंत्राच्या कंपनीचं नाव ठसठशीत होतं आणि त्याला चिकटून आलेला ‘साठी चालणारी’ हा तुकडा नजरेआड व्हावा अशा बेताने लिहिलेला. वर्णनात कापडाचं वजन ४०० जीएसएम, १०० टक्के मायक्रोफायबर, दुहेरी शिलाई, शेकडो वेळा धुता येईल, असं सगळं होतं. स्क्रीनशॉट काढून बहिणीला पाठवला आणि विचारलं, “घेऊ का?” तिचं उत्तर आलं, “बारा कशाला गं? बारा खोल्या आहेत का तुझ्या घरात?”

घेतली. तो स्क्रीनशॉट पुढे कामाला येणार होता, हे मात्र तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

रिव्ह्यू बघितले होते का, असं नवऱ्याने नंतर विचारलं. तारे बघितले होते. मजकूर वाचला तो सगळं झाल्यावर. त्यातल्या निम्म्या लोकांनी उशीच्या अभ्र्यांचं कौतुक केलं होतं. ‘रंग फोटोसारखाच आहे’, ‘चेन नीट बसते’ वगैरे. आता पॅडला कुठली आली चेन? आधी तिथे अभ्रे विकले जात असावेत. ते काढून त्याच जागी पॅड ठेवली, की अभ्र्यांनी कमावलेले तारे पॅडच्या डोक्यावर तसेच चमकत राहतात. तेव्हा पाच तारेवाले चार रिव्ह्यू वाचून ते नेमके कशाबद्दल आहेत एवढं बघा. दोन मिनिटांचं काम आहे, मी ते केलं नाही.

पाकीट आलं, वरचं पॅड काढून लावलं. जाड, मऊ, छान पाणी टिपणारं. दुसरंही तसंच. मी खूश. चौथ्या दिवशी खालचं तिसरं पॅड लावलं आणि फरशीवर पाण्याचे ओघळ दिसू लागले. पॅड पाणी पीतच नव्हतं, पुढे ढकलत होतं. मळ सुटत होता, पण उचलला जात नव्हता. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात त्याची नुसती सहल चालली होती.

विक्रेत्याला लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. “नमस्कार मॅडम, तुमची गैरसोय झाली त्याबद्दल मनापासून माफी. नव्या कापडावर कारखान्यातलं फिनिशिंग असतं, त्यामुळे सुरुवातीला पाणी शोषलं जात नाही. कृपया तीन वेळा धुऊन बघा, फरक पडेल.”

यात खोटं काहीच नाही. नव्या कापडावर प्रक्रियेतले तेलकट पदार्थ राहतात, एकदोन धुण्यांत ते निघून जातात आणि कापड जास्त पाणी घेऊ लागतं. नवा टॉवेल ज्याने वापरलाय त्याला हे ठाऊक असतं. मलाही पटलं. तीन धुणी आणि दरवेळी पूर्ण वाळवणं यात चार दिवस गेले. फरक शून्य.

पुन्हा लिहिलं. पुन्हा तत्पर उत्तर. “मॅडम, तुम्ही धुताना फॅब्रिक सॉफ्टनर तर वापरलं नाही ना?”

इथे मी गडबडले. मशीनमध्ये आदल्या खेपेला सॉफ्टनर होतंच, त्याचा अंश राहिला असेल तर? कारण हीदेखील खरी गोष्ट आहे. सॉफ्टनरचा पातळ थर धाग्यांवर बसतो आणि मायक्रोफायबरची टिपण्याची ताकद मारतो. यंत्राच्या पुस्तिकेतही सॉफ्टनर वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे चूक माझी असू शकत होती. उलट मीच त्याला ‘सॉरी’ लिहिलं आणि पॅड गरम पाण्यात, साध्या द्रवरूप साबणाने पुन्हा धुतली. आणखी तीन दिवस गेले.

आता मागे वळून बघते तेव्हा या माणसाची हुशारी कळते. दोन्ही सल्ले अर्धे खरे होते, म्हणूनच मी त्यांना बळी पडले. सरळ खोटं बोलला असता तर त्याच दिवशी रिटर्न टाकलं असतं. रिटर्नची मुदत होती १५ दिवसांची. प्रत्येक सल्ल्याने त्यातले दोनचार दिवस तर खाल्लेच, शिवाय माझ्या हातून त्या वस्तूचा ‘वापर’ करवून घेतला. धुतलेलं पॅड नवं म्हणून परत जात नाही. त्याच्याच सांगण्यावरून मी माझे पुरावे साबणाच्या पाण्यात बुडवत बसले होते.

बाराव्या दिवशी भलतंच घडलं. मॉप फिरवता फिरवता तो जड वाटायला लागला. उचलून बघते तर पॅडची मागची बाजू कापडापासून सुटून लोंबत होती आणि फरशीवर निळसर, चिकट पट्टा उमटला होता. ‘दुहेरी शिलाई’ फक्त कडेला, दिसण्यापुरती. मधले थर गोंदाने चिकटवलेले. गरम करून लावायचे कितीतरी स्वस्त गोंद ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतात, आणि मोकळ्या हवेत वाफच मुळी १०० अंशांची असते. वाफेसाठी बनवलेल्या पॅडला असा गोंद लावणं म्हणजे छत्री कागदाची करण्यासारखं आहे. निळा रंग कापडाचा. पॉलिएस्टर नीट रंगवायचं तर कारखान्यात दाबाखाली साधारण १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. रंगवल्यानंतरची धुलाई कारखान्याने कशीबशी उरकून टाकली, की पृष्ठभागावर उरलेला रंग उष्णता मिळताच सुटतो.

फोटो काढून पाठवले. या वेळी उत्तराला दहा मिनिटंही लागली नाहीत. “मॅडम, या लॉटमध्ये अडचण होती, आमचीच चूक. आजच नवा संच पाठवतो. फक्त रिटर्न टाकू नका, टाकलंत तर सिस्टीम नवं पार्सल आपोआप रद्द करते.” सोबत पार्सलचा नंबर. त्या नंबरवर पाहिलं तर ‘लेबल तयार झाले’. दुसऱ्या दिवशी ‘लेबल तयार झाले’. तिसऱ्या दिवशीही तेच. लेबल तयारच होतं, पार्सल कधीच नव्हतं.

सोळाव्या दिवशी रिटर्नचं बटण नाहीसं झालं. सतराव्या दिवशी भाषा बदलली. नमस्कार नाही, मॅडम नाही. “मुदत संपली आहे. वापरलेले कापडी सामान स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेतले जात नाही.”

रात्री झोप आली नाही, तेव्हा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. पॅड होतं ४० सेंटिमीटर लांब आणि २० रुंद, म्हणजे ०.०८ चौरस मीटर. कापड खरोखर ४०० जीएसएमचं असेल तर नुसत्या कापडाचंच वजन ३२ ग्रॅम भरायला हवं, वेल्क्रो आणि कडेची पट्टी वेगळी. वरची दोन पॅड भरली ३६ आणि ३५. खालची दहा, वेल्क्रो आणि पट्टी धरून, १९ ते २१. त्यांतलं एक मी अजून पाण्यालाही लावलेलं नव्हतं, त्यामुळे ‘धुऊन झिजलं’ म्हणायचीही सोय नव्हती. वर दोन मालाची आणि खाली दहा भरतीची. प्रत्येक पॅड काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा फोटो घेतला.

मग अंगात आलंच. एका कोपऱ्यातले धागे कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवले. पॉलिप्रोपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्याने तरंगतं, पॉलिएस्टर आणि नायलॉन बुडतात. साबण अशासाठी, की धाग्यांत अडकलेली हवा निघून जावी, नाहीतर बुडणारंही तरंगताना दिसतं. धागे बुडाले. म्हणजे पॉलिप्रोपिलीन लावलं नव्हतं, तेवढं श्रेय त्याला देते.

लबाडी त्याच्या पुढच्या पायरीवर होती. पुसण्याच्या चांगल्या मायक्रोफायबरमध्ये पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा, एकत्र ओढलेले असतात, बहुतेक वेळा ८० ला २० किंवा ७० ला ३० या प्रमाणात. मग तो धागा चाकाच्या आऱ्यांसारखा आतून फोडला जातो. फोडल्यावर बारीक, कोन असलेल्या तंतूंमध्ये असंख्य फटी तयार होतात आणि पाणी, तेल, धूळ त्या फटींत शिरून बसतं. न फोडलेला धागा गोल आणि गुळगुळीत राहतो, त्यावरून पाणी घसरतं. ‘१०० टक्के मायक्रोफायबर’ या शब्दांना तसा अर्थच नाही, कारण मायक्रोफायबर हे धाग्याच्या बारीकपणाचं नाव आहे, तो कशाचा आहे याचं नाही. ओळखायची सोपी खूण हाताशीच असते. कोरड्या तळव्यावरून कापड फिरवा. फोडलेलं मायक्रोफायबर त्वचेच्या बारीक खरबरीत भागांना अडकतं, जरा अंगावर काटा आल्यासारखं वाटतं. माझी खालची दहा पॅड हातावरून रेशमासारखी सुळकन जात होती. मला तो मऊपणा वाटला होता.

आणि स्टीम मॉपमध्ये हे जास्तच महत्त्वाचं, कारण निम्मं काम पॅडच करतं. वाफ पॅडमध्ये शिरून पाणी होते, त्या क्षणी सगळ्यात जास्त उष्णता सोडते. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना साधारण ५४० कॅलरी बाहेर पडतात, तेच पाणी पुढे १०० अंशांवरून ४० वर येताना फक्त ६०. त्या उष्णतेने चिकट मळ सैल होतो. पण सैल झालेला मळ आणि तयार झालेलं पाणी दोन्ही पॅडने पोटात घ्यायला हवं. ते घेतलं नाही तर तुम्ही फरशीला फक्त गरम पाण्याची आंघोळ घालत असता. लाकडी फरशी असती तर सांध्यांत पाणी मुरून लाकूडच फुगलं असतं. माझी टाइल्सची होती म्हणून बचावली.

खरेदीच्या संकेतस्थळाकडे तक्रार केली, त्यांनी मुदतीकडे बोट दाखवलं. मग कार्डाच्या बँकेकडे गेले. ‘वस्तू खराब निघाली’ असं लिहिलं असतं तर बहुधा वादच झाला असता, म्हणून ‘वस्तू वर्णनाशी जुळत नाही’ असं लिहिलं आणि वजनाचे फोटो जोडले. वर्णनाचा पुरावा म्हणून ते पान उघडायला गेले तर ४०० हा आकडा तिथून गायब! ‘जाड कापड’ एवढंच शिल्लक. बहिणीला पाठवलेला स्क्रीनशॉट उपयोगी पडला तो इथे. विक्रेत्याशी झालेला सगळा संवादही जोडला, ‘रिटर्न टाकू नका’ या वाक्याखाली रेघ मारून. पाच आठवड्यांनी पैसे परत आले.

मधल्या काळात मी रिव्ह्यू लिहिला होता. तो दिसताच पुन्हा ‘नमस्कार मॅडम’ सुरू झालं. रिव्ह्यू काढला तर अर्धे पैसे देतो म्हणाला. मी नाही म्हटल्यावर पाऊण. त्यावर मी उत्तर दिलं नाही, तोही संवाद बँकेला पाठवून दिला.

पॅड घेणारच असाल तर पाकीट उघडल्या दिवशी वरचं नाही, मधलं पॅड काढा. काट्यावर ठेवा, तळव्यावरून फिरवा, थर ओढून ते शिवलेत की चिकटवलेत ते बघा. एवढं धुण्याच्या आधी. विक्रेता कितीही नम्र असो, धुऊन बघा म्हणाला तर त्याला सांगा, आधी रिटर्न टाकते, मग बोलू. बदली पार्सल खरंच येणार असेल तर ते मुदतीच्या आतही येऊ शकतं. आणि मापही घ्या. माझी पॅड मॉपच्या तळापेक्षा बोटभर आखूड होती, त्यामुळे कडेचे वेल्क्रोचे आकडे उघडे राहून फरशीवर खरखरत होते. बाकी रामायणात हे सांगायचं राहूनच गेलं.

फरशीवरचा चिकट पट्टा घासून निघेना, उलट पसरत चालला. शेवटी त्यावर पिशवीत घालून बर्फ ठेवला. गोंद कडक झाल्यावर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने तो पापुद्र्यासारखा निघाला. दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यात मात्र निळा रंग मुरलाय, तो काही जात नाही. तिथे सध्या कुंडी ठेवली आहे.