फोनच्या लाईनवरची सर्ज प्रोटेक्टरची डबी: सात महिन्यांनंतर

आमचं घर संगमेश्वरजवळच्या वाडीत, फायबर अजून इकडे फिरकलेलं नाही. रस्त्यावरच्या खांबापासून फोनची वायर साठ-सत्तर मीटर उघड्यावरून येते. दोन वर्षांत दोन मोडेम वळवात गेले, म्हणून एप्रिलमध्ये लाईनवरून येणारा विजेचा जादा झटका जमिनीत सोडणारी ही साडेतीनशेची डबी आणली. एका टोकाला लाईन, दुसऱ्या टोकाला मोडेम, आणि खाली एक हिरवी वायर.

सगळी गोम त्या हिरव्या वायरीत. दुकानदार म्हणाला, "ती नाही जोडली तरी चालतं." मी ती गुंडाळून डबीमागे खोचली. मे महिन्यात पहिल्याच वळवाला तिसरा मोडेम गेला, डबी ठणठणीत! जमिनीकडे वाटच ठेवली नव्हती, तर ती बिचारी काय करणार?

मग खळ्यात वेगळी सळई ठोकायला निघालो, तर वायरमनने अडवलं. "अहो, दोन अर्थिंग केल्यात तर वीज पडली की दोन्हींत व्होल्टचा फरक पडणार, आणि झटका तुमच्या मोडेममधूनच जाणार." खरंच, मोडेम अ‍ॅडॉप्टरमधून घरच्या विजेलाही टेकलेला असतो. डबी पडवीतून काढून मीटरशेजारी नेली आणि तिथल्याच अर्थिंगला हातभर जाड वायरीने जोडली. आमची जमीन जांभ्याची, सुकली की अर्थिंग नावापुरतीच. उन्हाळाभर त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततो.

आत मटाराएवढी चिनी मातीची नळी आहे, तिच्यात वायू. वर 230 छापलंय, म्हणजे साधारण तेवढ्या व्होल्टला ती पेटते आणि झटका जमिनीकडे वळवते. लाईनवर एरवी 48 व्होल्ट डीसी, घंटी वाजताना त्यावर 75-80 व्होल्ट एसी चढतो. नळी याहून कमी व्होल्टला पेटणारी असती तर घंटी वाजली की लाईन बसली असती. नेटचा स्पीड होता तेवढाच आहे.

जूनपासून चौथा मोडेम सुखरूप. वीज थेट खांबावर पडली तर ही डबी पुरायची नाही, त्यामुळे गडगडायला लागलं की दोन्ही पिना मी अजूनही काढतो.

ऑक्टोबरात परतीच्या पावसात मात्र रात्री फोन मुका झाला. लाईनमन आला, डबी बाजूला काढली, आणि डायल टोन हजर. नळी तापून शॉर्ट झाली होती, एक बाजू काळी पडलेली. नळी सुटी मिळते, सोल्डरिंग घरीच केलं. आता फळीवर मेणबत्त्यांच्या पुड्याशेजारी दोन जादा नळ्या ठेवल्यात.