चालू डेटाबेसची फेररचना: जागेवर दुरुस्ती की नवी मांडणी?

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या टॉवेल-चादर पेढीचा जुना डेटाबेस उघडला, तर दोन निरनिराळे दोष बहुधा एकत्र नांदताना दिसतात. काही टेबलांची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंद एकमेव ओळखू देणारा रकाना, चुकीच्या गोष्टीवर बेतलेली असते, तर काही टेबलांची मांडणीच मुळात फसलेली असते. या दोहोंवर उपायही दोनच: चालू टेबलांत टप्प्याटप्प्याने बदल करणे, किंवा नवी रचना शेजारी उभी करून ठरावीक दिवशी सगळा डेटा तिच्यात हलवणे. माझ्या मते पहिल्या दोषाला पहिला मार्ग लागू पडतो आणि दुसऱ्या दोषाला दुसरा. निर्णय चुकतो तो सहसा दोन्ही दोषांना एकच औषध दिल्यामुळे.

आधी कीचा प्रश्न पाहू. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर ग्राहकाचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक हीच प्रायमरी की करण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तो एकमेव असतो आणि आयता मिळतो. तथापि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. कर्नाटकातील विजयपूरच्या एखाद्या व्यापाऱ्याने सोलापुरातही गोदाम घेतले, की त्याच माणसाचे २९ आणि २७ ने सुरू होणारे दोन क्रमांक होतात. एकट्या मालकाचे दुकान भागीदारीत गेले, की पॅन बदलतो आणि त्याबरोबर क्रमांकही बदलतो. नोंदणी नसलेल्या किरकोळ दुकानदाराकडे तर तो नसतोच, आणि मग त्या रकान्यात कोणीतरी शून्ये भरून ठेवतो.

यावर ‘ऑन अपडेट कॅस्केड’ लावले की भागेल, असे सुचवले जाते. की बदलली की बिलांच्या टेबलातही ती आपोआप बदलेल, हे खरे आहे. पण नको आहे ते नेमके हेच. मागच्या वर्षीच्या बिलावर मागच्या वर्षीचाच क्रमांक राहिला पाहिजे. म्हणून ग्राहकाला अर्थहीन, आपोआप वाढणारा अंक की म्हणून द्यावा, जीएसटी क्रमांक वेगळ्या टेबलात ठेवावेत आणि बिल करताना त्या वेळचे नाव, पत्ता व क्रमांक बिलातच उतरवून घ्यावेत. याला कोणी अनावश्यक पुनरावृत्ती म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण बिल हा त्या दिवसाचा दस्तऐवज असतो.

बिल क्रमांकाची गोष्ट याच जातीची आहे. नियमानुसार तो त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो, आणि बहुतेक पेढ्या १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरुवात करतात. तेव्हा नुसता बिल क्रमांक की होऊ शकत नाही. वर्ष आणि क्रमांक यांची जोड की करता येते, परंतु मग मालाच्या प्रत्येक ओळीत, जमा-पावतीत आणि परत आलेल्या मालाच्या नोंदीत दोन्ही रकाने वाहावे लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये (शोध जलद करणाऱ्या सूचीत) प्रायमरी कीची प्रत असते, त्यामुळे लांब की तिथेही जागा खाते. येथेही साधा अंक की ठेवून वर्ष-क्रमांकाच्या जोडीवर युनिक बंधन (तीच जोड दुसऱ्यांदा येऊ न देणारे) घालणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

हे सारे जागेवर करता येते. नवा रकाना जोडावा, जुन्या नोंदींत तो थोडा थोडा भरत जावा, प्रोग्रॅमला काही काळ जुनी आणि नवी अशा दोन्ही की लिहायला लावावे आणि शेवटी फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे बोट दाखवणारा दुवा, नव्या रकान्याकडे वळवावी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये फॉरेन की ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडता येते: नव्या नोंदी लगेच तपासल्या जातात, जुन्यांची तपासणी सवडीने होते आणि त्या वेळी बिले थांबवावी लागत नाहीत. शिवाय रचनेतले बहुतेक बदल तेथे ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे एकत्र पक्के किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटात) घालून मागे घेता येतात. मायएसक्यूएलमध्ये तसे नाही. तेथे अशा आज्ञेसरशी आधीचे काम कमिट, म्हणजे कायमचे पक्के, होते, आणि प्रायमरी की बदलताना सबंध टेबल नव्याने बांधले जाते. मोठ्या टेबलाला वेळ लागतो. फॉरेन कीची तपासणी तात्पुरती बंद करून काम उरकण्याची सोय आहे खरी, पण ती पुन्हा सुरू केल्यावर मधल्या काळात शिरलेल्या अनाथ नोंदी (ज्यांचा दुवा अस्तित्वात नसलेल्या नोंदीकडे जातो) तपासल्या जात नाहीत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

नवी मांडणी केव्हा? मालाच्या टेबलात ‘रंग१’, ‘रंग२’, ‘रंग३’ असे रकाने असतील आणि चौथ्या रंगासाठी दर वेळी प्रोग्रॅमरला बोलवावे लागत असेल, किंवा सूत खरेदी, यंत्रमागावरचे उत्पादन आणि तयार मालाच्या गाठी हे सगळे एकाच रुंद टेबलात कोंबलेले असेल, तर रकाने जोडत बसण्यात अर्थ नाही. तेथे नवी टेबले करावीत. हा मार्ग स्वच्छ असला तरी महाग आहे, आणि त्यात सर्वाधिक वेळ टेबले बांधण्यात नव्हे, तर डेटा साफ करण्यात जातो. एकाच दुकानाची ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग’ अशी दोन खाती असतील, तर दोन्हींवरची उधारी एक करायची की नाही, हे एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा, सांगणार नाही. ते मुनीमजींनाच विचारावे लागते. जागेवरच्या दुरुस्तीत हा प्रश्न पुढे ढकलता येतो, नव्या मांडणीत मात्र तो पहिल्याच दिवशी दारात उभा राहतो.

दिवस निवडतानाही दोन मार्गांत फरक पडतो. टप्प्याटप्प्याच्या कामाला मुहूर्त लागत नाही. एका दिवसात डेटा हलवायचा असेल, तर दरमहा विवरण भरणाऱ्या पेढीने ११ तारखेचे जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण) आणि २० तारखेचे जीएसटीआर-३बी (करभरण्याचे विवरण) भरून झाल्यावरचा आठवडा घ्यावा; दिवाळीची मागणी, जानेवारीतील गड्ड्याचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा, काळ आणि मार्चअखेर टाळावी. जुनी टेबले केवळ वाचण्यापुरती उघडी ठेवून पुढच्या मार्चचा ताळेबंद जुळेपर्यंत ती काढू नयेत.