जेटची गाडी की बाइकच्या इंजिनची : अंतिम वर्षाचा प्रकल्प निवडण्यापूर्वी

माझ्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी दिवाळी आटोपली की पॉलिटेक्निकच्या अंतिम वर्षाची मुले प्रकल्पाची चौकशी करायला येतात. यंदा दारव्ह्याकडचे तिघे आले. भंगारात मिळणाऱ्या ट्रकच्या टर्बोपासून, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रापासून, जेट इंजिन तयार करून ते चार चाकांवर बसवावे, की जुन्या 100 सीसी बाइकचे इंजिन लावून साधी कार्ट तयार करावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी दोन्ही प्रकार स्वतःच्या हाताने करून पाहिले असल्यामुळे, त्यांना जे सांगितले ते इथे सविस्तर मांडतो.

जेटची ओढ मला पूर्णपणे समजते. ब्लोअरने हवा फुंकून टर्बो फिरवायला सुरुवात केली, दहनकक्षात गॅस पेटला आणि ब्लोअर काढून घेतल्यावरही चाक स्वतःच्या जोरावर फिरत राहिले, की त्याची शिट्टी बारीक होत होत इतकी चढते की ती कानांपेक्षा छातीतच जास्त जाणवते. बाइकच्या इंजिनात पिस्टन वरखाली धडपडत असतो. इथे मात्र एकच शाफ्ट, त्याच्या एका टोकाला हवा दाबणारे चाक, दुसऱ्या टोकाला गरम वायूने फिरणारे चाक आणि दोन्हींच्या मध्ये अखंड जळणारी ज्योत, एवढाच संसार असतो. याच तत्त्वावर 15 ऑक्टोबर 1997 रोजी अमेरिकेतील नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन यांनी ‘थ्रस्ट एसएससी’ ही गाडी ताशी 1,228 किलोमीटर वेगाने चालवली आणि जमिनीवर ध्वनीचा वेग ओलांडला. तो विक्रम आजही कायम आहे. त्या गाडीला लढाऊ विमानाची दोन रोल्स-रॉइस स्पे इंजिने होती, तिचे वजन सुमारे दहा टन होते आणि ती सेकंदाला सुमारे 18 लिटर इंधन पीत असे.

अडचण सुरू होते ती वेग कमी झाल्यावर. जेट इंजिन चाकांना फिरवत नाही. ते मागे वायू फेकते आणि त्याच्या प्रतिक्रियेने गाडी पुढे सरकते. फेकलेल्या वायूचा वेग आणि गाडीचा वेग यांत जितकी तफावत जास्त, तितकी शक्ती हवेतच वाया जाते. वायू सेकंदाला 500 मीटर वेगाने बाहेर पडत असेल, तर ताशी 900 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला त्या शक्तीचा सुमारे दोन तृतीयांश भाग पुढे जाण्यासाठी मिळतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या कार्टला मात्र जेमतेम साडेचार टक्के मिळतो. टर्बो कितीही चांगला निवडला तरी हे गणित बदलत नाही.

मी केलेल्या जेटचा जोर मोजण्यासाठी कापूस तोलायचा लटकता काटा आडवा बांधला होता. त्यावर 12 किलोचा जोर दिसला आणि मिनिटाला पाऊण लिटर रॉकेल संपले. ताशी 40 किलोमीटर वेगाला या जोराचा हिशेब केला तर पावणेदोन हॉर्सपॉवर येते. 100 सीसी बाइकचे इंजिन सुमारे आठ हॉर्सपॉवर देते. इंधनाच्या बाबतीत जेटची कार्ट एका लिटरमध्ये किलोमीटरभरही जाणार नाही; 100 सीसीचे इंजिन मात्र बाइकला एका लिटरमध्ये साठ किलोमीटर नेते. तेव्हा वेग वाढवण्यासाठी जेट लावावे, हा मुलांचा पहिलाच मुद्दा काट्यापाशी येऊन संपतो.

तिघांपैकी एकाने विचारले की, हाच टर्बाइन, म्हणजे गरम वायूने फिरणारे चाक, गिअरद्वारे गाडीच्या चाकांना जोडला तर काय होईल. प्रश्न रास्त होता आणि मोठ्या कंपन्यांनी तो सोडवून पाहिला आहे. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने 1950 मध्ये ‘जेट 1’ ही टर्बाइनवर चालणारी मोटार जगापुढे आणली. 1952 मध्ये बेल्जियममध्ये तिने ताशी 240 किलोमीटरचा वेग ओलांडला, परंतु ती एका लिटरमध्ये सुमारे दोन किलोमीटर जात असे. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचा प्रयत्न अधिक जिद्दीचा होता. तिने 1963 पासून 55 टर्बाइन मोटारी तयार केल्या आणि त्यांपैकी 50 मोटारी 203 सामान्य ग्राहकांना आळीपाळीने तीन-तीन महिने वापरायला दिल्या. त्या डिझेलवर चालत, रॉकेलवर चालत. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांपुढे तर टकीला या मद्यावरही चालवून दाखवल्या. मात्र पायाने ॲक्सिलरेटर दाबल्यापासून जोर लागेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जात असे, महागड्या मिश्रधातूंचा खर्च परवडत नव्हता, आणि अखेरीस त्यांपैकी 46 मोटारी मोडीत काढण्यात आल्या. मला त्या मोडलेल्या गाड्यांची हळहळ वाटते, कारण चालवणाऱ्यांना त्यांचा गुळगुळीतपणा आवडला होता. परंतु मिनिटाला 80,000 फेऱ्यांचा शाफ्ट काही हजार फेऱ्यांवर उतरवणारा गिअरबॉक्स आपल्या तालुक्यातील लेथवर घडत नाही, म्हणून हा पर्याय इथेच सोडावा.

आता आपल्या मुलखाचा विचार करू. गेल्या उन्हाळ्यात सरकी वाहणाऱ्या एका ट्रकचा टर्बो दुरुस्तीला आला होता. एअर फिल्टरमागच्या रबरी नळीला बोटभर चीर गेली होती आणि तेवढ्यातून आत गेलेल्या धुळीने मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या चाकाची पाती करवतीसारखी दातेरी केली होती. पांदण रस्त्यावर चालणारे जेट हीच धूळ उघड्या तोंडाने ओढणार. बारीक जाळी लावली तर हवा कोंडते, आणि हवा कोंडली की आतले तापमान चढते.

याहून गंभीर धोका आगीचा आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात इंजिन पेट घेत नव्हते, तरी मी इंधन सोडत राहिलो. आत साचलेले रॉकेल एकदम पेटले आणि मागून दोन मीटर ज्वाळा बाहेर आली. मागे वाळलेल्या पऱ्हाटीचा ढीग होता. दोन बादल्या पाणी हाताशी होते म्हणून वाचलो. शेजारच्या कुटाराच्या गंजीपर्यंत ठिणगी गेली असती तर कुणाच्या तरी बैलांचे वर्षाचे वैरण गेले असते. ज्या गावात घराघरांत कापूस भरून ठेवलेला असतो, तिथे 500-600 अंशांचा झोत मागे सोडत फिरणारी गाडी मला मान्य नाही.

बाइकच्या इंजिनाबद्दल लांबण लावण्याचे कारण नाही. क्लच, गिअर, चेन तयार मिळतात, सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात, बिघाड झाला तर गावातला मिस्त्री समजून सांगतो, आणि मुख्य म्हणजे ब्रेक दाबल्यावर इंजिनही गाडीला आवरायला मदत करते. नोंदणीशिवाय यांपैकी कोणतीच गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 39 दोघांनाही सारखेच लागू आहे.

म्हणून परीक्षकांना धावणारी गाडीच दाखवायची असेल, तर बाइकचे इंजिन घ्यावे. जेट शिकण्याचीच तळमळ असेल, तर चाकांचा नाद सोडून ते लोखंडी चौकटीवर, चार झुलत्या पट्ट्यांवर बसवावे आणि समोर काटा बांधावा. टर्बोची बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगतात, त्यामुळे तेलाच्या पंपाला वेगळी बॅटरी द्यावी आणि दाब उतरताच इंधन बंद होईल अशी सोय आधी करावी. मागे तीस मीटरपर्यंत वाळलेली काडीही नसावी. टर्बोच्या चाकांच्या रेषेत, म्हणजे बाजूला, कुणालाही उभे राहू देऊ नये, कारण चाक फुटले तर तुकडे त्याच दिशेने उडतात.

अशा चौकटीवर एक चाचणी आपल्याकडेच चांगली जमेल. जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे पारा 12 अंशांपर्यंत उतरतो आणि एप्रिलच्या दुपारी 42च्या वर जातो. तापलेली हवा सुमारे दहा टक्के विरळ असते. तेच इंजिन, तेवढ्याच फेऱ्या आणि तोच काटा ठेवून दोन्ही वेळी जोर मोजावा. तिघांनी चौकटीसाठी अँगल कापायला घेतले आहेत, आणि जानेवारीची नोंद घ्यायला मी पहाटे पाचला वर्कशॉप उघडणार आहे.