'समूहमना'चा ऑनलाइन कोर्स: तिसरा भाग एक नंबर, पुढच्या 'आतल्या वर्तुळा'ला मात्र लांबूनच नमस्कार

मी प्रायोगिक नाटकांचं बॅकस्टेज करते. तालमी रंगात आल्या की सगळ्या चमूला एकच डोकं फुटल्यासारखं होतं, आणि कधीकधी तेच डोकं फिरतं. त्यामुळे गूढविद्येतल्या 'एग्रेगोर'वरचा, म्हणजे गटाच्या स्वतंत्र मनावरचा, हा इंग्रजी कोर्स घेतला. साडेतीन हजार रुपये. कोणाचा ते सांगत नाही, उगाच कटकट नको.

पहिले दोन भाग पळवत बघा. बासरी, मेणबत्त्या आणि वक्त्याचे लांबलचक पॉझ. मुद्दा एवढाच की पुष्कळांनी ठरल्या वेळी, एकाच चिन्हावर, जीव ओतून लक्ष लावलं की एक वेगळंच अस्तित्व उभं राहतं, आणि पुढे तेच माणसांना चालवतं.

तिसऱ्या भागात मात्र मजा आहे. १८८८ साली लंडनमध्ये सुरू झालेली 'गोल्डन डॉन' ही गूढविद्येची संस्था. लंडन शाखेची प्रमुख 'फ्लॉरेन्स फार' नावाची बाई, चक्क नटी! (आमच्याकडे नटीला साधं मंडळाचं खजिनदार करत नाहीत.) १९०० मध्ये पॅरिसहून संस्थापकांपैकी एक असलेल्या मॅथर्सचं पत्र येतं, की संस्थेला अधिकार देणारा जर्मनीहून आलेला पत्रव्यवहारच बनावट आहे. सभासद बिथरतात. एप्रिलमध्ये मॅथर्सच्या बाजूने क्रॉली हा तरुण सभासद लंडनच्या ब्लाइथ रोडवरच्या संस्थेच्या जागेचा ताबा घ्यायला येतो, तोही स्कॉटिश पोशाखात, तोंडावर मुखवटा चढवून. ही एंट्री आमच्या दिग्दर्शकाने 'ओव्हर' म्हणून कापली असती.

पण संस्था नासली ती या तमाशाने नाही, असं माझं मत. फारबाईंनी आत आपला एक गुपित गट केला होता, 'स्फिअर'. तेजाच्या गोलाची एकत्र कल्पना करायची, आणि इतर सभासदांना पत्ता नाही. संस्थेचाच सभासद असलेला कवी यीट्स यावर भडकला. संस्था हाच एक सजीव देह, त्यात असे गट वाढले तर प्रत्येकाला वेगळा जीव फुटणार, हा त्याचा मुद्दा. १९०१ मध्ये बहुमत त्याच्याविरुद्ध गेलं.

पाचव्या भागात डायॉन फॉर्च्यून ही इंग्रज गूढविद्या-लेखिका येते. दुसऱ्या महायुद्धात तिनेही लोकांना रविवारी ठरल्या वेळी, घरबसल्या, ब्रिटनच्या रक्षणासाठी ध्यानाला बसवलं. तंत्र जवळपास तेच, पण सूचनांची पत्रं ध्यानाला बसणाऱ्या सगळ्यांना एकसारखी जायची. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असत्या तर कोर्सचं सोनं झालं असतं. वक्ता मात्र 'नकारात्मक ऊर्जे'वर घसरला.

कोर्स संपताच मेसेज आला: निवडक साधकांसाठी 'आतलं वर्तुळ', आणखी बारा हजार, आणि बाकीच्यांना सांगायचं नाही. म्हणजे तिसरा भाग यांनी स्वतःच पाहिलेला नाही.

पाचपैकी तीन तारे. सवलतीत मिळाला तर घ्या, आणि नोटिफिकेशन बंद ठेवा.